उघड्या माहितीचा धांडोळा: ओसिंटबद्दल खान्देशात हमखास विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये पत्रकार, शेतकरी गट, बचत गटाच्या बाया, कॉलेजातली पोरं अशा मंडळींसमोर मी 'ओसिंट' या विषयावर बोलत असतो. पहिली पंधरा मिनिटं लोक चहाची वाट बघत असतात. मग मागच्या रांगेतले एखादे आप्पा विचारतात, "पन भाऊ, हाई समदं आमना काय कामनं?" खरी सभा तिथून सुरू होते. तिथे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ओसिंट म्हणजे नेमकं काय? शेवटी हॅकिंगच ना?

नाही. ओसिंट म्हणजे ओपन सोर्स इंटेलिजन्स. सगळ्यांसाठी उघडं आहे तेवढ्यावरूनच काढलेला, तपासलेला निष्कर्ष. कुणाचा पासवर्ड फोडला, कुणाच्या फोनात डोकावलं, कार्यालयातल्या बाबूला चहापाणी देऊन फाईल बघितली, की ते ओसिंट राहत नाही.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना काय करतात ते आठवा. मुलाच्या गावातला एखादा पाव्हणा गाठायचा. बसस्टँडवरच्या टपरीवर चहा घेता घेता विषय काढायचा. शेती किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, पोरगा 'बसतो' का, बहिणींची लग्नं कुठे झाली. मग मुलाच्या मामाच्या गावाहून वेगळा निरोप मागवायचा आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. मध्यस्थाचा शब्द थोडा कमी धरायचा, कारण त्याला लग्न जमवायचंय. यातलं शेवटचं वाक्य ज्याला कळलं त्याला अर्धं ओसिंट येतं: सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे?

टपरीवर ऐकलं ती माहिती. तीन ठिकाणी पडताळून, कुठे शंका उरली ते कबूल करून जे हातात राहिलं ते इंटेलिजन्स. पहिल्याला इंटरनेटवर तोटा नाही. दुसरं स्वतःच काढावं लागतं.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि हे एकच का?

नाही. लिनक्स वगैरे वेगळं. नावात साम्य आहे, एवढंच.

हे इंटरनेट आल्यावरच सुरू झालं का?

इंटरनेटच्या बरंच आधी. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, १९३९ मध्ये, बीबीसीने परदेशी रेडिओ ऐकून त्याचे गोषवारे काढणारा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये अमेरिकेने तशीच सरकारी सेवा उभी केली. शत्रू उघडपणे जे बोलत होता तेच ऐकायचं, पण रोज, आणि टिपून ठेवायचं. कालपर्यंत एखाद्या शहराचं नाव बातम्यांत यायचं आणि आजपासून ते गायब झालं, तर त्या न बोलण्यालाही अर्थ असतो.

धुळ्याच्या लोकांना मी इथे वि. का. राजवाड्यांची आठवण करून देतो. गावोगावची दप्तरं, यादी, पत्रं गोळा करत फिरलेला हा माणूस १९२६ मध्ये धुळ्यातच गेला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, अस्सल की नक्कल, लिहिणारा तिथे हजर होता की ऐकीव सांगतोय, हे इतिहासवाल्यांचे प्रश्न व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओला जसेच्या तसे लागू पडतात.

सरकारं आणि सैन्य याचा वापर कसा करतात?

सर्वांत जास्त आणि सर्वांत मुकाट्याने तेच करतात. उपग्रह चित्रं, सरकारी निविदा, नोकरभरतीच्या जाहिराती, सैनिकांनी टाकलेले फोटो, विमानांचे मार्ग, सगळं वाचलं जातं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला व्हायच्या काही तास आधी अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाला गूगल मॅप्सवर रशियातल्या बेल्गोरोदजवळ पहाटेच्या वेळी 'ट्रॅफिक जॅम' दिसला. लष्करी वाहनांनी रस्ता अडवला होता आणि खोळंबलेल्या लोकांचे फोन तो जॅम दाखवत होते. कुणी गुपित फोडलं नव्हतं.

उलटी बाजूही आहे. २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावा या व्यायामाच्या अॅपच्या जगभरच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांचे आकार उमटलेले सापडले, कारण सैनिक घड्याळ लावून तळाभोवती पळत होते. आपल्याकडचं उदाहरण त्याहून कडू आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडो कुठे उतरतायत हे वाहिन्या थेट दाखवत होत्या, आणि पलीकडे बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

भुसावळची पोरं म्हणतात, "सर, आमचा काय संबंध?" तुमचं जंक्शन देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी, शेजारी आयुध निर्माणी, आणि लष्कराची गाडी फलाटावरून गेली की दहा जण रील काढतात. वेळ, दिशा, डब्यांवर काय झाकलेलं होतं, सगळं त्यात आलं. एका रीलने आभाळ कोसळत नाही. पण रील एकच नसते, आणि बघणारा सगळ्या एकत्र बघतो.

पत्रकारांना याने काय साधतं?

'आरोप आहे' असं लिहिण्याऐवजी 'हे असं घडलं' लिहिता येतं. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं एमएच१७ विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. बेलिंगकॅट नावाच्या, तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या गटाने लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ जोडून क्षेपणास्त्राच्या गाडीचा प्रवास मांडला. गाडीच्या अंगावरचे ओरखडे आणि डाग जुळवून तीच गाडी आधी रशियातल्या लष्करी ताफ्यात होती असं दाखवलं. अधिकृत तपास वेगळा चालला, आणि २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं.

माझं आवडतं उदाहरण मात्र बीबीसीच्या आफ्रिका विभागाचं, २०१८ चं. बायका आणि लेकरांना सैनिक गोळ्या घालतायत असा एक व्हिडिओ होता. कॅमेरून सरकारने तो खोटा म्हणून झटकला. पत्रकारांनी व्हिडिओतल्या मागच्या डोंगराची कड गूगल अर्थवर शोधून जागा पक्की केली. सैनिकांच्या सावल्या मोजून महिना काढला. पुढे त्या सैनिकांना अटक झाली.

चोपड्याच्या माणसाला सातपुड्याची कड आणि धुळ्याच्या माणसाला लळिंगचा किल्ला डोळे मिटून ओळखू येतो. म्हणजे हे कौशल्य आपल्याकडे आहेच, ते कॅमेऱ्यातल्या डोंगरावर वापरायचं, एवढंच.

घरचा सराव हवा असेल तर पावसाळ्यात करा. दरवर्षी 'हतनूरचे सर्व दरवाजे उघडले, तापीकाठच्यांनो सावधान' असा व्हिडिओ फिरतो आणि त्यात भलतंच धरण असतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. जायकवाडीला २७, उकाईला २२, सरदार सरोवराला ३०. हतनूर लांबच लांब आणि बुटकं आहे. दोन डोंगरांमधली उंच भिंत आणि तिच्यातून कोसळणारा धबधबा दिसला की पुढे पाठवण्याआधी थांबा. कोणतं सॉफ्टवेअर नको, दरवाजे मोजता आले पाहिजेत. मात्र व्हिडिओ खोटा निघाला म्हणजे पूर नाही असं समजू नका. पाणी सोडल्याची खबर पाटबंधारे विभाग आणि जिल्हा प्रशासनाकडून घ्या.

राईनपाड्याचं प्रकरण यात का सांगता? ते जुनं झालं.

जुनं झालं म्हणून सांगतो. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर दोन प्रकारचा मजकूर फिरत होता. एक व्हिडिओ, ज्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. आणि किडन्या काढून टाकलेली मुलं म्हणून लहान मुलांच्या मृतदेहांची चित्रं.

पहिला व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. दुसरी चित्रं सीरियातल्या घौटामध्ये २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली होती. दोन्ही गोष्टी बातम्या तपासणाऱ्यांनी दाखवून दिल्या. चित्र उलट शोधलं असतं, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आलंय ते बघितलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

हे सांगितलं की सभागृह गप्प होतं, आणि मला ते गप्प होणं पुरेसं वाटत नाही. कारण त्या बाजारातल्या लोकांना आपण शहानिशा करतोय असंच वाटत असणार. चार जणांना विचारलं असेल, चौघांनीही हेच ऐकलं असेल! पण चौघांचा स्रोत तोच एक व्हिडिओ. दहा गटांवर आलेला एकच मेसेज हे दहा पुरावे नसतात, एकच असतो. या एका मुद्द्यासाठी मी अख्खं शिबिर घ्यायला तयार आहे.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाडा आणि देशभरातल्या तशा घटना त्यामागे होत्या. तुमच्या फोनमधली ती मर्यादा आपल्या साक्री तालुक्याशी अशी जोडलेली आहे.

शेतकऱ्याच्या काय उपयोगाचं?

पत्रकारापेक्षा जास्त, असं माझं मत होत चाललंय.

आधी व्यापारी. कापूस किंवा केळी उधारीवर उचलायची, पहिले दोन हप्ते चोख द्यायचे आणि तिसऱ्या वेळी फोन बंद, ही गोष्ट सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. माझ्या घरातही एकदा हे झालंय. गाडी भरण्याआधी पावतीवरचा जीएसटी क्रमांक बघा. पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, २३ मध्य प्रदेश. माणूस म्हणतो मी जळगावचा आणि नोंदणी २४ ची, तर विचारा का. पुढची दहा अक्षरं पॅन क्रमांकाची. त्यामुळे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर सांगतं की समोर एकटा माणूस आहे, भागीदारी आहे की कंपनी: पी, एफ किंवा सी. मग जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणीवरचं नाव, तारीख, नोंदणी चालू की रद्द, विवरणपत्रं भरली का, हे दिसतं. 'पंधरा वर्षांची पेढी' म्हणणाऱ्याची नोंदणी मागच्या महिन्यातली निघाली तर चहा पाजा आणि रोखीने व्यवहार करा. बाजार समितीत परवाना आहे का ते विचारा, आणि ई-कोर्टच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने चेक न वटल्याचे खटले आहेत का बघा.

दुसरं, जमीन. बिनसहीचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा असतात. बहिणीचं नाव कमी करायचा फेरफार टाकलाय हे बहिणीला मुंबईत बसून कळू शकतं. त्यामुळे काही भाऊ माझ्यावर नाराज आहेत.

तिसरं, आकाशातून शेत. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी तुमच्या शेतावरून जातात आणि त्यांची चित्रं कोपर्निकसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे एका एकरात सुमारे चाळीस ठिपके. झाड दिसत नाही, पण शेत हिरवं आहे की उघडं हे स्पष्ट दिसतं. रावेर आणि यावलच्या केळीवाल्यांना मी सांगतो, महिन्याला एक चित्र तारखेसकट साठवून ठेवा. विम्याचा वाद झाला की 'अमुक तारखेला शेतात पीक उभं होतं' हे दाखवता येतं. ते पीक केळीच होतं, हे मात्र त्या चित्रावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी ई-पीक पाहणीतला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद करायच्या अॅपमधला, जागेवरचा फोटो लागतो. दोन्ही मिळून काम होतं. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार ढगांच्या आरपार बघतं. ते चित्र वाचायला जरा सराव लागतो.

भावाचं तर तुम्ही आधीपासूनच करता. बुऱ्हाणपूरच्या लिलावाचा आकडा सकाळी फोनवर घेऊन मग बांधावरच्या व्यापाऱ्याशी बोलणं हे ओसिंटच आहे, नाव माहीत नव्हतं इतकंच.

नंदुरबारच्या डोंगरात तर रेंजच नाही. तिथे काय?

तिथे याची सर्वांत मोठी गरज आहे. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन आपल्या ताब्यात होती हे दाखवावं लागतं. कागद तर नाहीच. मग बांध, विहीर, जुनी झाडं, म्हाताऱ्यांचे जबाब आणि त्या सोबतीला जुनी उपग्रह चित्रं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची, तीस मीटरच्या ठिपक्यांची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत, फुकट आहेत. डोंगरउतारावरचा मोठा तुकडा २००५ आधी जंगल होता की शेत, याचा अंदाज येतो.

पण इथे सावध राहा. उपग्रहाच्या चित्रात दोन-तीन एकराचं, मोहाची झाडं राखलेलं शेत जंगलासारखंच दिसू शकतं, आणि 'चित्रात शेत नाही' म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय की उपग्रह चित्रं इतर पुराव्यांना जोड देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. अक्कलकुवा किंवा धडगावच्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं. रेंज नसेल तर नकाशे तालुक्याच्या गावी छापून आणावेत आणि ग्रामसभेत जमिनीवर पसरावेत. म्हातारी माणसं त्या चित्रावर बोट ठेवून नाला, देवस्थान, जुनं गाव दाखवतात. संगणकावर बसलेल्या कुणालाही ते दिसत नाही.

ग्रामपंचायतीचा खर्च बघता येतो म्हणे?

येतो. ई-ग्रामस्वराजवर वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा आणि खर्च असतो, रोजगार हमीच्या संकेतस्थळावर हजेरीपट. गावातलं कोण सुरतला कामाला गेलंय हे तुम्हाला माहीत, आणि हजेरीपटावर तो गावात चर खोदतोय. संगणकाला हे कधीच कळणार नाही, तुम्हाला एका नजरेत कळतं. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रंही खुली आहेत: मालमत्ता, कर्ज, गुन्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे मतदाराला मिळालं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचा, करमणूक होते. जे खुलं नाही ते माहिती अधिकारात मागा. मागायच्या आधी आधीच प्रसिद्ध झालेलं वाचलेलं असलं की अर्ज नेमका होतो आणि टोलवाटोलवी कमी होते.

पोलीस काय बघतात?

वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्याची रील सर्वांत आधी. तो स्वतःच पुरावा तयार करून, वर गाणं लावून देतो. बाकी फरार माणसाच्या नातलगांच्या पोस्ट, चोरीच्या मोटारसायकलींच्या जाहिराती, अफवा पसरवणारी खाती. मात्र स्क्रीनशॉट न्यायालयात तसाच चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तुम्ही तक्रारदार असाल तर पोस्टची लिंक, खात्याचं पूर्ण नाव, तारीख-वेळ लगेच नोंदवा आणि मूळ फोन जपून ठेवा.

आणि चोर?

चोरही तेच वाचतात. हे सांगायला मला आवडत नाही, पण टाळता येत नाही.

'पूर्ण परिवार चारधाम यात्रेला' असा रेल्वेच्या डब्यातला फोटो म्हणजे घराला कुलूप असल्याची जाहिरात. 'तुमचा मुलगा पोलिसांनी पकडलाय' असा फोन येतो तेव्हा मुलाचं नाव, कॉलेज, पुण्यातला पत्ता समोरच्याला कसा कळला? मुलाने आणि तुम्ही मिळून लिहून ठेवलं होतं. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल, म्हणजे फोनात भलतंच अॅप बसवणारी फाईल, पाठवणारा लग्नसराईच निवडतो. वाळू उपसणाऱ्यांचे गट तहसीलदारांची गाडी कुठून निघाली याचे निरोप एकमेकांना देतात. त्याच नदीपात्रातले खड्डे उपग्रह चित्रात मोजून कार्यकर्ते हरित लवादात जातात. नदी एक, उघडी माहिती एक, आणि वाचणारे दोन. गिरणेकाठी हे सगळ्यांना माहीत आहे.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासाभरात पैसे गोठवले जाण्याची शक्यता बरी असते. लाजेपायी लोक दोन दिवस थांबतात आणि मग माझ्याकडे येतात. तेव्हा ओसिंट फारसं काही करू शकत नाही.

होणाऱ्या सुनेचं इन्स्टाग्राम बघितलं तर चालतं का?

हा प्रश्न नेहमी सासू होऊ घातलेली एखादी काकू हळूच, शिबिर संपल्यावर विचारते. उघडं खातं एकदा बघणं गुन्हा नाही. खोट्या नावाने मैत्रीची विनंती पाठवणं, तिच्या मैत्रिणींना गाठणं, रोज पाळत ठेवणं, हे वेगळं. पुरुषाने बाईचा पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि त्यात इंटरनेटवरची पाळतही येते. मी काकूंना उलट विचारतो, तुमच्या मुलाचं खातं मुलीकडच्यांनी बघितलं का? बघू द्या.

पण एक गोष्ट गंभीर आहे. आपल्या भागात लग्न न जमणाऱ्या मुलांना दलालामार्फत मुलगी दाखवायची, लाख-दोन लाख घ्यायचे आणि आठवड्यात नवरी दागिन्यांसकट पसार, असे गुन्हे होतात. इथे चौकशी करणं शहाणपणाचंच. दलालाचा फोटो उलट शोधा, सांगितलेल्या गावातल्या पोलीस पाटलाला फोन करा, तिच्या घरी जाऊन या. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी लोक करतात.

दागिन्यावरून आठवलं, सोनं तपासता येतं?

जळगावात हा प्रश्न येणारच. हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो विक्रीसाठी सक्तीचा आहे. बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता येते. अॅप 'अंगठी' म्हणत असेल आणि तुमच्या हातात पोत असेल तर काउंटरवरूनच परत फिरा.

कायद्याच्या दृष्टीने कुठे थांबायचं?

उघडं वाचणं चालतं; कुलूप उघडणं, तोतयागिरी आणि छळ चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आहे. एखादी गोष्ट सापडली म्हणजे ती छापायची परवानगी मिळाली असं नाही. पीडितेची ओळख, लहान मुलाचा चेहरा, कुणाचा आजार, हे सापडलं तरी वहीतच ठेवायचं.

नावावरून माणूस शोधला, फोटोही मिळाला. आता टाकू का गटावर?

थांबा. तुम्ही खान्देशात आहात. इथे एका गावात एकाच नावाचे चार पाटील, शेजारच्या गावात तीन महाजन आणि पलीकडे सात चौधरी. ई-कोर्टवर नाव टाकलं की यादी लागते. वडलांचं नाव, गाव, वय, यातल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय तो 'तोच' नाही. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाल्यावर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच गुन्हेगार ठरवलं. त्याचा काही संबंध नव्हता, तो आधीच मरण पावला होता, आणि त्याच्या घरच्यांना त्या दिवसांत शिव्यांचे फोन येत राहिले. म्हणून मी शिबिरात शोधायला शिकवतो, पण नाव जाहीर करायला शिकवत नाही.

एआयने बनवलेला फोटो कसा ओळखायचा?

बोटं मोजा, पाट्यांवरची अक्षरं वाचा हे उपाय दर महिन्याला जुने होतायत. ओळखून देतो म्हणणारी साधनंही चुकतात. मी चित्राकडे कमी आणि त्याच्या प्रवासाकडे जास्त बघतो: सर्वांत आधी कुणी टाकलं, तो त्या जागी होता का, त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातून काढलेले फोटो आहेत का? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. त्याला एआयही लागला नव्हता.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. चालेल?

चालेल. गूगल लेन्स सगळ्यांच्या फोनात आहे. व्हिडिओ असेल तर मधलं स्पष्ट दृश्य थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि तो शोधा. तेच चित्र यांडेक्स या रशियन शोधयंत्रावरही टाकून बघा, जागा ओळखण्यात ते कधी कधी जास्त चांगलं चालतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रातून तारीख-ठिकाणाची नोंद निघून गेलेली असते, म्हणून पाठवणाऱ्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. गूगल अर्थचं जुनं चित्र बघायला संगणक सोयीचा, ते तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा पुतण्याकडे करा.

आणि एक वही ठेवा. काय शोधलं, कुठे, कधी, काय सापडलं नाही. शिरपूरच्या एका शिबिरात एक आजी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर नातवाने पाठवलेल्या बिबट्याच्या व्हिडिओचा तपास होता. बिबट्या खरा होता, गाव दुसरं होतं, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "नातूले सांगं. त्यानी डिलीट करं."